रेघ कोणाची?

मर्केटरने १५६९ मध्ये खलाशांसाठी जगाचा नकाशा आखताना दिशा राखली, क्षेत्रफळ सोडले. ब्रह्मपुरीच्या अक्षांशावर त्याच्या प्रक्षेपात जमीन सुमारे १४ टक्क्यांनी फुगते. नकाशाच्या खरेखोटेपणाची चर्चा बहुधा अशा विकृतीपाशीच थांबते, याला माझा आक्षेप आहे. ही विकृती सूत्राने दुरुस्त होते. नकाशात न आलेली हद्द कोणतेही सूत्र परत आणत नाही. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. अशा दाव्यात वनहक्काचे नियम वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा मानतात. म्हणजे नाला, टेकडी, देवाचे ठिकाण दाखवणारा म्हातारा हाही सर्वेक्षकच. संशोधकाने प्रक्षेप निवडण्याआधी त्याचे ऐकावे.