जिवंत इतिहास, पण कुणाच्या जमिनीवर?

आमच्याकडं वस्तुसंग्रहालय म्हटलं की तलवारी, तोफा, पालख्या. ज्यानं तलवार घडवली तो नाही. ज्यानं पालखी वाहिली तो तर नाहीच नाही. म्हणून अमेरिकेत आयोवा राज्यात, डे मॉइन शहरालगत अर्बनडेल इथं 1970 साली उभं राहिलेलं 'लिव्हिंग हिस्टरी फार्म्स' पाहिलं तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? राजा नाही, सरदार नाही. शेण आहे, घाम आहे, चुलीचा धूर आहे. 1850 च्या शेतावर ओंडक्यांचं घर, बैल, मका. 1900 च्या शेतावर घोड्यांनी ओढायची अवजारं. त्या काळचे कपडे घालून माणसं खरोखर काम करतात. कष्टाला इतिहासात जागा दिली, हे या ठिकाणाचं मोठेपण.

आणखी एक कबूल करतो. पहिलं शेत गोऱ्यांचं नाही. ते 1700 सालचं, आयोवे लोकांचं. सालीनं शाकारलेली घरं. मका, घेवडा, भोपळा. राज्याला ज्यांचं नाव, त्यांना वेशीबाहेर ठेवलेलं नाही.

पण 1700 मधून निघालेला माणूस थोड्याच वेळात 1850 ला पोचतो. मधली दीडशे वर्षं कुठं गेली? शेतं अशी ओळीनं मांडली की पायऱ्यांसारखी दिसतात. वाटतं, माणूस आपोआप एकीवरनं दुसरीवर चढला. तसं घडलेलं नाही. 1836 च्या तहानं आयोवे लोकांना मिसुरी नदीपलीकडं लहानशी राखीव जागा मिळाली. 1838 च्या तहानं या मुलखावरचा उरलासुरला हक्कही गेला. सरकारी जमीन मग एकरी सव्वा डॉलरनं विकली गेली. पायऱ्यांच्या मधोमध हा एवढा खड्डा आहे, आणि पायोनियरचं घर त्याच्या काठावर उभं आहे.

ती जमीनसुद्धा सगळ्यांना खुली नव्हती. आयोवात गुलामी नव्हती. तरी 1851 साली कायदा झाला की स्वतंत्र काळ्या माणसानं या राज्यात नव्यानं वस्तीला येऊ नये; आला तर तीन दिवसांत चालता हो. म्हंजे त्या लाकडी कुंपणाच्या आत कोण होतं एवढंच बघून भागत नाही. कुंपणाबाहेर कोण होतं तेही विचारलं पाहिजे. आणि 1857 साली मेस्क्वाकी लोकांनी टामा परगण्यात 80 एकर जमीन विकत घेतली. ज्या मुलखातून हुसकावलं, तिथलीच माती रोख पैसे मोजून घेतली! मला पायोनियर म्हणायचंच झालं तर मी त्यांना म्हणेन.

परक्या देशाच्या उठाठेवी तुला कशाला, असं कुणी म्हणेल. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, काळ्यांना दास्यातून मुक्त केलं म्हणून. 1972 साली आमच्या पोरांनी पँथर हे नाव तिकडूनच उचललं. नातं जुनं आहे. नात्यातल्या माणसालाच विचारता येतं.

आणि प्रश्न तिथंच थांबत नाही. कोल्हापूरजवळ कणेरीला सिद्धगिरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय आहे. सिमेंटच्या पुतळ्यांतून बारा बलुतेदारांचं स्वयंपूर्ण गाव उभं केलेलं. कारागिरी नामी. पण पुतळ्याची कंबर दुखत नाही. पुतळ्याला भाकर मागत दारोदार फिरावं लागत नाही. गाव स्वयंपूर्ण होतं ते कुणाच्या जिवावर? महारवतनाची वेठ सुटावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं, आणि वतन गेलं ते 1958 च्या कायद्यानं. मधली तीस वर्षं कुठल्या पुतळ्यात दिसणार?

समजा, उद्या इथंही कुणी आयोवासारखं जिवंत गाव मांडलं. येसकर म्हणून वेशीवर कोण उभा राहील? मेलेलं ढोर कोण ओढील? पगार मिळेल, तिकीट लागेल, पाच वाजता तो कपडे उतरवून घरी जाईल. आमच्या आज्याला पाच कधी वाजलेच नाहीत. त्याच्या अंगावरचं उतरवता येणारं नव्हतं.

तरी मी संग्रहालय नको म्हणत नाही. पाहिजेच. फक्त आधी सातबारा टांगा, मग नांगर ठेवा. हाडकी-हाडवळा कुणाचा होता, कुणाच्या नावावर चढला, ते दारातच लिहा. आणि ज्या म्हाताऱ्यांनी वेठ केली, ढोरं ओढली, त्यांच्यातले थोडेच उरलेत. त्यांना कपडे घालून उभं करू नका. त्यांच्यापुढं बसा. ते सांगतील ते लिहून घ्या. जिवंत इतिहास तो.