प्रियेची गाडी आणि टेबलावरचा प्रकाश

चाळीसगावास छायाचित्रकार केकी मूस यांचे कलादालन पाहून 'प्रेरणा' घेऊन आलेल्या एका तरुण वऱ्हाडी चित्रकाराची चित्रमालिका नुकतीच पाहण्यात आली, आणि तीत आगगाडीचे इंजिन, रिकामा फलाट, खिडकीशी बसलेला वृद्ध व धुरात विरणारे एक स्त्रीमुख यांखेरीज काहीच नसल्याचे पाहून जो उद्वेग झाला, त्यातून हा लेख उद्भवला आहे. मूस यांनी जन्मभर जे केले त्याची या तरुणाने दखलही घेतली नव्हती. त्यांच्याविषयी लोक जे सांगतात तेवढेच मात्र त्याने इमानेइतबारे रंगविले होते.

ती आख्यायिका वाचकांस ठाऊकच आहे. येईन म्हणालेल्या प्रियेची वाट पाहत हा पारशी गृहस्थ स्थानकाजवळच्या आपल्या दगडी बंगल्यात अर्धशतक कोंडून राहिला आणि रात्रीच्या गाडीच्या वेळी दारे उघडी ठेवीत राहिला, असे सांगतात. ती खरी असो वा खोटी, 1912 ते 1989 एवढ्या आयुष्यातून त्या घरात जे साचले, ते वाट पाहण्यातून साचलेले नाही. एका टेबलावर हाताशी असलेल्या क्षुल्लक वस्तू मांडाव्यात, त्यांवर दिव्याचा प्रकाश एका ठरावीक कोनातून सोडावा, आणि कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहणाऱ्यास तेथे एखादा विस्तीर्ण, दूरदेशीचा देखावा दिसावा, असे मूस यांचे 'टेबलटॉप' छायाचित्रणाचे हुन्नर आहे. त्यात वस्तूंच्या आकाराचे परस्परप्रमाण एका रेषेने चुकले की भास मोडतो. सावली अंमळ लांबली की डोंगर पुन्हा बटाटा होतो. आपल्या घरास रेम्ब्रांटचे नाव देणाऱ्या या माणसाने त्या डच चित्रकाराकडून नेमके काय उचलले, याचा उलगडा या छायाचित्रांसमोर होतो : काळोखाचा बहुतांश भाग तसाच राहू द्यावयाचा, आणि प्रकाश कृपणाच्या हाताने, जेथे नजर थांबावी तेथेच खर्चावयाचा. घराबाहेर क्वचितच पडणाऱ्या मनुष्याने टेबलाच्या चार कडांत पृथ्वी बसविली, यातील धाडस आणि त्याहूनही त्यामागची गणिती शिस्त ज्यास जाणवत नाही, त्याने त्या दालनात पाऊल ठेवले काय अन् न ठेवले काय, सारखेच. मूस यांच्या काष्ठशिल्पांतही तीच दृष्टी आहे. लाकडात जो आकार मुळातच दडलेला असतो, त्यास होईल तितके कमी छेडून ते त्याला बाहेर येऊ देतात.

कलावंताच्या वास्तू आपल्याकडे आणखीही आहेत. औंधच्या पंतप्रतिनिधींचे 1938 सालचे संग्रहालय थोर खरे, पण ते एका रसिक संस्थानिकाच्या संग्रहाचे दफ्तर आहे. कोल्हापुरातील चंद्रकांत मांडरे यांचे घर प्रसन्न आहे, एवढे म्हणून पुढे जावे.

परंतु मूस यांच्या वाट्यास आलेली ही उपेक्षा एकट्या त्यांचीच नाही, म्हणून तिची तक्रार करावयाची. आमच्या बाळापूरजवळच्या पारसहून चाळीसगावास जाताना वाटेत भुसावळ लागते, आणि त्या गावच्या मातीत मेजर रॉबर्ट गिल चिरनिद्रा घेत आहे. 1844 पासून वर्षानुवर्षे अजिंठ्याच्या लेण्यांत बसून त्याने भिंतीवरील चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाल्या. महाराष्ट्रास त्याचे काय स्मरते? त्याची प्रेयसी पारो! तिच्यावर दीर्घकाव्य झाले, चित्रपट निघाला, आणि ओलसर अंधारात एकेका आकृतीची रेषा पुन्हा शोधणारा गिलचा हात मात्र कोणाच्याच कल्पनेस शिवला नाही. कलावंताची कृती जळाली तर आम्हांस चालते. त्याची प्रेयसी मात्र आम्ही मरू देत नाही. या विलासास रसिकता म्हणण्याचा दस्तूर आता बंद व्हावयास हवा. मी म्हणतो, प्रेमकथा ऐकून आलेला चित्रकार रिकाम्या हाताने परत येतो. आणि ज्यास त्या घरातील दिव्याचा कोन चोरता आला नाही, त्याने 'प्रेरणा' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार गमावला आहे. चोरी म्हणावयाची तर कसबाची करावी, दुःखाची करू नये.

आमच्या बाळापुरातही हेच चालते. मन आणि म्हैस या नद्यांच्या मधील उंचवट्यावर 1757 साली एलिचपूरच्या इस्माइलखानाने पुरा केलेला किल्ला उभा आहे. त्याची वीट त्या काळातील उत्तम वीटकामात गणली जाते. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. शाळकरी पोरापासून पदविकाधारकापर्यंत प्रत्येकजण ही छत्री मावळत्या सूर्यापुढची काळी आकृती म्हणून काढतो, कारण तसे काढले की खांब पाहावा लागत नाही, कमानीखालची सावली दुपारी कोणत्या बाजूस सरकते हे ध्यानात घ्यावे लागत नाही, दगडाची झीज तर मुळीच काढावी लागत नाही. हीच ती चाळीसगावची धुरकट गाडी! पाहण्याचे श्रम टाळून हळहळ विकणे हा आमच्या प्रांतातील चित्रकलेचा आजचा धंदा आहे, आणि प्रास्ताविके लिहिणारे समीक्षक त्याची दलाली खातात.

म्हणून बाळापूर, पातूर, अकोट येथील चित्रकला-शिक्षकांस माझी विनंती आहे की, त्यांनी आपली मुले सहलीस वेरूळला नेतात तशी एकदा चाळीसगावास न्यावीत, प्रत्येकाच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी, एकाच छायाचित्रापुढे तासभर बसवून त्यातील प्रकाश कोठून येतो एवढेच काढून घ्यावे, आणि ते काम पुरे होईपर्यंत त्या आगगाडीची गोष्ट कोणासही सांगू देऊ नये.