छळ आणि निर्मिती : पेरुमल मुरुगन यांच्या दोन कादंबऱ्या

लेखकाच्या छळाची चर्चा बहुधा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने होते. हक्क राहिला की गेला, एवढ्यावर ती संपते. तथापि छळाने लेखकाच्या निर्मितिशक्तीचे काय होते, हा प्रश्न मुख्यतः साहित्यसमीक्षेचा असून त्याचे उत्तर साहित्यकृतींतच शोधावे लागते. या दृष्टीने तमिळ कादंबरीकार पेरुमल मुरुगन यांचे उदाहरण उद्बोधक आहे.

‘मादोरुबागन’ ही त्यांची कादंबरी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. काळी आणि पोन्ना हे निपुत्रिक शेतकरी जोडपे, आणि तिरुचेनगोड येथील अर्धनारीश्वराच्या उत्सवात एका रात्रीपुरती शिथिल होणारी स्त्रीपुरुषसंबंधांची बंधने, हा तिचा विषय. २०१३ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर निघाले. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये निवडक पानांच्या छायाप्रती वाटल्या गेल्या, अनोळखी माणसांचे दूरध्वनी येऊ लागले, प्रती जाळण्यात आल्या. १२ जानेवारी २०१५ रोजी नामक्कल येथे जिल्हा प्रशासनाने घेतलेल्या बैठकीत लेखकाला बिनशर्त क्षमा मागावी लागली. त्यानंतर आपल्यातील लेखक मरण पावला असल्याचे त्यांनी फेसबुकवरून जाहीर केले.

यातील विलक्षण भाग असा की, या छळाची रीत त्या कादंबरीनेच आधी रेखाटली होती. काळी आणि पोन्ना यांना कोणी एक शत्रू नाही. शेजारी, नातलग, वाटेवरचे परिचित, प्रत्येक जण एखादा टोमणा मारून निघून जातो. एकट्या टोमण्याचे वजन फारसे नसते. सर्वांच्या मिळून होणाऱ्या भाराखाली मात्र त्या दोघांचा परस्परविश्वास खचतो. लेखकाच्या वाट्याला आलेली निंदाही अशीच अनेकमुखी होती आणि म्हणूनच तिला उत्तर देणे अशक्य होते.

५ जुलै २०१६ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने ती तडजोड लेखकावर बंधनकारक नसल्याचा निर्णय दिला. हक्क परत मिळाला. निःशंकता मिळाली नाही. आपल्या अंतरंगात आता एक परीक्षक येऊन बसला असून तो प्रत्येक शब्द तपासतो, असे मुरुगन यांनी त्याच वर्षी सांगितले. त्याच वर्षी निघालेल्या ‘पूनाची’ या कादंबरीची नायिका एक काळी शेळी आहे. माणसांविषयी लिहिण्याचे भय वाटते आणि देवांविषयी त्याहून अधिक, म्हणून शेळीची निवड केली, असे प्रस्तावनेत नमूद आहे. येथे भय हे केवळ चरित्रातील घटना राहत नाही. ते आशयाची निवड करते. पूर्वीच्या कृतीत गाव, देऊळ, उत्सव नावानिशी येतात. ‘पूनाची’तील गाव कोठलेही असू शकते.

या कादंबरीचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. पूनाचीची भूक, तिचे आईपण आणि तिच्या पिलांची ताटातूट यांच्या चित्रणात मुरुगन यांची जुनी सूक्ष्म दृष्टी शाबूत आहे. मात्र शेळ्यांची सरकारी नोंद, कान टोचणे, लांबलचक रांगा हे प्रसंग रूपक म्हणून सहज उलगडतात, आणि उलगडल्यावर त्यांत फारसे उरत नाही. जे उघड बोलता आले नाही ते तेथे झाकून ठेवलेले दिसते.

छळामुळेच अशी कृती जन्मली, असे म्हणून काही वाचक समाधान मानतात. हे समाधान भ्रामक होय. ‘पूनाची’चे यश लेखकाच्या चिकाटीचे आहे; त्याचे श्रेय छळाला देता येत नाही. शिवाय भयामुळे ज्या माणसांविषयी लिहिले गेले नाही, त्यांच्या कथा समीक्षेपुढे कधीच येणार नाहीत. छळाने झालेल्या हानीचे मोजमाप करताना या न लिहिलेल्या कथाही हिशेबात धरणे अवश्य आहे.