अक्षर, संकेतांक आणि पाठभेद

पाली ग्रंथाच्या संपादनात पाठभेदाची नोंद ही केवळ तळटीप नसते. कोणत्या परंपरेने बुद्धवचन कसे जतन केले, याची ती साक्ष असते. हे काम आता संगणकीय अक्षरजुळणीतील मॅक्रोंकडेही सोपविता येते. दोन शब्द समान की भिन्न, हे मॅक्रो ठरवितो आणि त्यानुसार टीप वा सूची सिद्ध होते. या सोयीचे स्वागत करतानाच तिची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

मॅक्रो शब्द वाचत नाही, अक्षरांचे संकेतांक ताडून पाहतो. आपल्या प्रदेशाचेच नाव घ्यावे. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे नोंदविता येतो: नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. कागदावर दोन्ही रूपे सारखीच उमटतात. ‘टेक्’ या जुळणीप्रणालीतील तुलनेची आज्ञा मात्र त्यांना भिन्न मानते आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही हा भेद मिटत नाही. अमरावतीत टंकलेला मजकूर अकोल्याच्या मजकुराशी जोडला, तर सूचीत एकच वऱ्हाड दोन ठिकाणी अवतरू शकते. ‘संघ’ आणि ‘सङ्घ’ यांचेही तेच. पहिल्यात 3 संकेतांक, दुसऱ्यात 4. शब्द मात्र एकच. यास पाठभेद म्हणणे म्हणजे लेखनपद्धतीला परंपरा समजणे होय.

याउलट सरसकट सारे भेद पुसणे अधिक घातक आहे. पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्त्यांत सामान्यतः ‘विरिय’ आढळते, तर रंगून येथील 1954 ते 1956 च्या छट्ठ संगायनाच्या पाठात ‘वीरिय’. ऱ्हस्व-दीर्घ एक मानणारा मॅक्रो ही साक्षच नष्ट करील.

म्हणून तुलनेपुरती वेगळी प्रत घेऊन तिचे संकेतांक एकरूप करावेत. छापावयाचा मूळ पाठ अबाधित ठेवावा. कोणते भेद गौण मानले, हे प्रस्तावनेत स्पष्ट नोंदवावे. तो निर्णय एकट्या जुळाऱ्यावर न सोडता पाली जाणकाराने त्याच्यासमवेत घ्यावा. बाबासाहेबांचे पाली व्याकरण व शब्दकोश महाराष्ट्र शासनाने 1998 मध्ये 16 व्या खंडात प्रसिद्ध केले. असा कोश संगणकावर आणताना ही दक्षता राहिली नाही, तर छापलेला शब्दही शोधणाऱ्या उपासकास ‘नाही’ असेच उत्तर मिळेल.