आबालालांचे पाणी, आपले शेत

मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले आबालाल रहिमान शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात रमले आणि १९३१ साली तेथेच निवर्तले. कोटितीर्थाचे तेच पाणी, रंकाळ्यातील तोच संध्यामठ त्यांनी रंगविला. जवळचेच पुन्हा पुन्हा पाहण्याची ही निष्ठा आम्हांस त्यांचे खरे मोठेपण वाटते. तंत्र पाश्चात्त्य होते. दृष्टी मात्र उसनी नव्हती.

तरीही एक उणीव जाणवते. त्यांच्या निसर्गचित्रांत पाणी, झाडे आणि प्रकाश बोलतात. राबणारे माणूस क्वचितच पुढे येते. त्याच काळात आयर्लंडच्या पॉल हेन्री यांनी १९१२ च्या तैलचित्रात बटाटे खणणाऱ्या स्त्रियांनाच मध्यभागी आणले. त्या चित्रात निसर्गाइतकीच श्रमाचीही प्रतिष्ठा आहे.

येथे गारगोटीस वेदगंगेकाठी भाताच्या रोपलागणीत वाकलेल्या मायबहिणी तितक्याच चित्रयोग्य आहेत. आपल्या भिंतींवर मात्र परदेशी बर्फाची कॅलेंडरे झळकतात! मुलांच्या हाती रंग जरूर द्यावेत. पण आधी त्यांना आपले शेत आणि त्यात राबणारे हात पाहावयास शिकवावे. आबालालांचा वारसा पुढे नेण्याची वाट तेथूनच जाते.