दिवा लुकलुकला, पुढे काय?

मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आता शाळेला नवा नाही. 2016 पासून अटल टिंकरिंग लॅबमुळे तो अनेक शाळांत पोचला. आमच्या संभाजीनगरात तर, शहराचे नाव औरंगाबाद होते तेव्हापासून, विद्यापीठ परिसरात इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन शिकवणारी केंद्र सरकारची संस्था आहे. आज ती नाइलिट म्हणून ओळखली जाते. साधने आहेत, शिकवणारेही आहेत. आमची तक्रार आहे ती शिकवण्याच्या एका रीतीबद्दल.

शहरातील एका कार्यशाळेत आम्ही बसलो होतो. विषय होता फ्रीआरटीओएस, म्हणजे अनेक कामांना अग्रक्रम देऊन ती वेळच्या वेळी उरकणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. बोर्ड होता आर्डुइनो ऊनो. 'सेटिंग जसेच्या तसे उतरवून घ्या,' असे सांगण्यात आले. दिवा लुकलुकला, टाळ्या झाल्या. एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, स्टॅक 128च का?' उत्तर मिळाले, 'तेवढाच ठेवतात.'

खरे तर सगळा धडा याच प्रश्नात होता. काम करताना लागणाऱ्या तात्पुरत्या नोंदींची जागा म्हणजे स्टॅक. फ्रीआरटीओएसमध्ये तो आकडा बाइटचा नसून घरांचा असतो. 8 बिटी ऊनोवर एक घर 1 बाइटचे, म्हणून 128 बाइट. 32 बिटी एआरएम बोर्डावर एक घर 4 बाइटचे, म्हणून तोच आकडा 512 बाइट होतो. ऊनोची सारी रॅम 2048 बाइट. जागा कमी दिली तर नोंदी शेजारच्या स्मृतीवर सांडतात, आणि बिघाड भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी दिसतो.

सेटिंगचे महत्त्व किती, हे 1997 साली मंगळावर दिसले. 4 जुलैला उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांनी पुनःपुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाच्या नोंदींचे कमी अग्रक्रमाचे काम एक सामायिक साधन धरून बसे. मधल्या अग्रक्रमाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत. आणि वरच्या अग्रक्रमाचे काम त्या साधनासाठी ताटकळत राही. साधन धरून बसलेल्या कामाला तात्पुरता वरचा अग्रक्रम देण्याची सोय त्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होती, पण ती बंद होती. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीत तोच बिघाड घडवून आणला, कारण शोधले आणि ती सोय चालू केली.

आमचे म्हणणे एवढेच, की चालणारा बोर्ड हा प्रयोगाचा आरंभ मानावा. शिक्षकांनी एक आकडा बदलायला लावावा. काय होईल ते मुलांनी आधी वहीत लिहावे, मग बोर्ड चालू करावा. अंदाज चुकला तर चांगलेच. त्या दिवशी शिकण्याजोगे काही सापडले. 'तेवढाच ठेवतात' या उत्तरात ही संधी हातची जाते.