रेषा आणि शोक

चित्रातील भाव नेमका कोठे वसतो? तंजावरात या प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी शेजारी सापडतात. भोसले राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सतराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रँ याची मुखचर्याचित्रे आहेत. माणसाचा चेहरा तेथे पशूच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला आहे. भिवई, नेत्रकोन व ओठ यांच्या रेषा म्हणजे अंतरंगाची वर्णमालाच, असे हे गृहीत आहे. उलट, बृहदीश्वर मंदिराच्या वरच्या मजल्यावर कोरलेली ८१ करणे नृत्तातील आहेत. अंगाची लय हेच त्यांचे सर्वस्व. नेमका अर्थ सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर नाही. एकीकडे लयीवाचून भाव, दुसरीकडे भावाच्या नावावाचून लय.

ड्यूररचे १५११ चे ‘क्रूसावरील ख्रिस्त’ हे छापचित्र या दोहोंच्या मध्ये उभे आहे. तळहाताएवढा ताम्रपट, रंग नाही. कोरणीचा दाब वाढला की रेषा फुगते, ओसरला की निमुळती होते. छायाही रेषांच्याच दाटीने साधावयाची. क्रूसापाशी उभ्या असलेल्या योहानाचे मुख वर वळलेले, हात एकमेकांत गुंतलेले. वस्त्राच्या चुण्यांचा भार मात्र खाली ओढणारा. हा शोक केवळ मुद्रेत नाही. वर जाऊ पाहणाऱ्या व खाली खेचणाऱ्या रेषांच्या ताणात आहे.

याची कसोटी हिंदुस्थानातच लागली. १६०० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, मोगल चित्रकार अबुल हसन याने यातील एकटा योहान रेखाटला. ते चित्र आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. क्रूस गेला, कथा गेली, तरी शोक उरला. गुंतलेले हात हाही एक संकेतच, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. पण संकेत शोकाचे नाव सांगतो, त्याचे वजन सांगत नाही. ते वजन चुण्यांच्या रेषांनी पेलले आहे.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये (१९५५) सौंदर्याचा उलगडा लयतत्त्वांनी केला आणि चित्राचे माध्यम रंगरेषांच्या संवेदना मानले. चित्राला गोष्टीच्या दास्यातून सोडविणारी ही भूमिका मोलाची आहे. तथापि तिच्या आधारे योहानाचा शोक चित्राबाहेरचा ठरवू लागलो, तर हातचे चित्रच निसटते. येथे विरोधलय ओळखणे आणि शोक जाणवणे या दोन क्रिया नाहीत. धार्मिक चित्राची श्रद्धा न बाळगणाऱ्या रसिकालाही ते उमगते, ते यामुळेच. समीक्षेने भावाला रेषेबाहेर घालवू नये. रेषेतच त्याचा माग काढावा.